दुसरा पंच

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आज छिंदवाड्याच्या जेलमध्ये जयवंताला पहिल्यांदा भेटले. चाळिशीची, हडकुळी बाई. संत्रा तोडता तोडता काटे लागून हातावर पडलेले जुने ओरखडे. मी कोण, कशाला आले, हे सांगायच्या आतच तिनं जाळीपलीकडून विचारलं, "बुढी जेवून राहिली का?" बुढी म्हणजे तिची सासू, कलाबाई. नवरा वारल्यापासून खैरवाडीच्या घरात या दोघीच.

जयवंतावर खुनाचा आरोप आहे. ८ ऑक्टोबरला, मंगळवारी, भर दुपारी बगीच्यातल्या राखणीच्या खोपडीत संत्र्याचा व्यापारी दिलीपसेठ मेलेला सापडला. मानेवर विळ्याचे घाव. तीन दिवस आधी त्यानं तोडणीच्या टोळीतल्या एका पोरीच्या अंगाला हात लावला होता आणि जयवंतानं सगळ्यांसमोर त्याच्यावर विळा उगारला होता. गावानं तेवढंच पाहिलं, आणि पोलिसांनाही तेवढं पुरलं. पुढं तिच्या गोठ्यात रक्ताचा विळा सापडला असं ते म्हणतात.

ती म्हणते, त्या दिवशी मी बुढीला घेऊन जामसांवलीच्या देवळात गेली होती, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.

वकील करायची ऐपत नसलेल्यांना सरकारकडून वकील मिळतो. त्या वकिलांसाठी फिरायचं, जागा पाहायच्या, माणसं शोधायची, कागद गोळा करायचे, हे माझं काम. मी काम करत होते ती शाळेची लायब्ररी बंद झाली तेव्हापासून, म्हणजे ऑगस्टपासून करते. आमच्या अमिता मॅडम म्हणतात, पोलिसांकडे गाडी आहे, माणसं आहेत. जयवंताकडे नलिनीताई आहेत आणि सौंसर-पांढुर्णा बस आहे.

घरी आल्यावर दादाला सगळं सांगितलं. त्यानं टीव्ही बंद करून ऐकलं. नवऱ्याचं घर सोडून आले त्याला अकरा वर्षं झाली. दादाच्या माडीवर राहते, पण आश्रित आहे असं त्यानं एकदाही वाटू दिलं नाही. मागच्या महिन्यात छातीतल्या गाठीचा तुकडा काढायला नागपूरला तोच घेऊन गेला होता. दिवसभर माझी फाइल मांडीवर धरून बसला. रिपोर्ट चांगला आला तेव्हा मी नाही, तोच रडला.

२२ नोव्हेंबर

खैरवाडीला गेले. बोरगावच्या पुढं उतरून अर्धा तास पायी. कलाबाई एकटीच गोठ्यापाशी बसली होती. मला वाटलं होतं, ती सुनेच्या नावानं रडेल, नशिबाला बोल लावेल. तसं काही नाही. तिनं मला गोठा दाखवला, गुरांच्या कुटाराचा ढीग दाखवला, आणि म्हणाली की विळा इथून निघाला म्हणतात, पण त्या दिवशी इथं कोणीच आलं नव्हतं. आले ते दुसऱ्या दिवशी, फोटो काढाले.

तिला त्या मंगळवारचं एक नीट आठवतं. मंदिराच्या पायऱ्यांपाशी रुईच्या माळा विकणाऱ्या बाईजवळ दोघींनी पिशवी आणि चपला ठेवल्या होत्या. परत येताना उशीर झाला म्हणून बस सोडून ऑटोनं आल्या.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सापडली. दामिनी तिचं नाव. गर्दी इतकी, की दोन तास तिच्याशी धड बोलताच आलं नाही. बाजूला उभी राहून मीच माळा बांधू लागले. दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा फोटो दाखवला. तिनं लगेच ओळखलं. बुढीला चक्कर आली म्हणून तिनं दोघींना दुकानाच्या मागं सावलीत बसवलं होतं. वर म्हणाली, नवरात्रात दुकान सजवलं त्याचा फोटो आहे माझ्या मोबाइलात. काढून दाखवला. माळांच्या मागं, कोपऱ्यात, कलाबाई पाय पसरून बसलेली आणि जयवंता तिला पाणी पाजत असलेली. खाली तारीख, वेळ. दुपारचे तीन वाजून पाच मिनिटं.

तेव्हाच तो फोटो माझ्या फोनवर घ्यायला पाहिजे होता. ती म्हणाली नवऱ्याला विचारून पाठवते, आणि मला घाई केलेली बरी दिसली नाही.

दादा पण खूश झाला. कोणतं दुकान, पायऱ्यांच्या कोणत्या अंगाला, नवरा काय करतो, सगळं विचारलं. माझ्या कामात एवढा रस दुसरं कोणी घेत नाही. वहिनी भाजी चिरताना मान वर न करता म्हणाल्या, घरात खुनाच्या गोष्टी कशाला.

३ डिसेंबर

दामिनीचा फोन चार दिवसांपासून बंद, म्हणून आज परत जामसांवलीला गेले. मला पाहताच ती आत गेली. मी उभीच राहिले तेव्हा बाहेर आली आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "मी कोणाले ओळखत नाही, बाई. फोन फुटला माहा."

बाजूच्या नारळवाल्यानं सांगितलं की शुक्रवारी पोलीस चौकीतले दोघं मोटरसायकलवर आले होते. थेट तिच्याच दुकानात. कोणाला पत्ता विचारावा लागला नाही त्यांना.

येताना बसमध्ये एकच विचार. दामिनीचं नाव आम्हा तिघांनाच माहीत होतं. मी, अमिता मॅडम आणि वीरेंद्र.

५ डिसेंबर

वीरेंद्र म्हणजे मॅडमच्या हाताखालचा नवा वकील. सत्तावीस वर्षांचा, हुशार, पण चौकीत लिखापढी करणाऱ्या मुन्शीबरोबर चहा पिताना मी त्याला दोनदा पाहिलं आहे. रात्री जेवताना दादाला बोलून दाखवलं. तो भात कालवत राहिला. मग म्हणाला की कोणाच्या पोटात काय हे सांगता येत नाही, तू आपली सांभाळून राहा. पुढं आता काय करणार, तेही विचारलं. मी सांगितलं, ऑटोवाला शोधून राहिली.

१० डिसेंबर

ऑटोवाला मिळाला. गजेंद्र. सौंसरच्या स्टँडवरचाच निघाला. बुढीला उचलून ऑटोत बसवावं लागलं, म्हणून त्याला चांगलं आठवत होतं. संध्याकाळचे सहा वाजले होते म्हणाला, कोर्टात सांगायलाही तयार. अमिता मॅडम भोपाळला गेल्यात, परवा येतील. आल्या की सांगेन. या वेळी वीरेंद्रला कळू द्यायचं नाही.

आज किती दिवसांनी पोटभर जेवले. दादा म्हणाला, तू वकील व्हायला पाहिजे होती.

१३ डिसेंबर

गजेंद्रचा ऑटो काल चौकीत उभा केला. परमिटमध्ये काही खोट निघाली म्हणे. मला स्टँडवर पाहून त्यानं हात जोडले. "ताई, माझं नाव नका घेऊ. तीन पोरी आहेत मले."

तशीच पांढुर्ण्याला गेले आणि मॅडमच्या समोर वीरेंद्रला म्हणाले की बाई जेलमध्ये सडते आहे आणि तू तिचे साक्षीदार विकतो आहेस. जे मनात आलं ते सगळं बोलले. त्यानं एकच गोष्ट सांगितली, "ताई, गजेंद्रचं नाव मी आता तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकून राहिलो."

किती सफाईनं खोटं बोलतो, असं वाटलं मला. मॅडमनी पुरावा विचारला. माझ्याकडे नव्हता. तरी त्यांनी त्याला या केसमधून काढलं. माझ्या शब्दावर.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

आज पोलिसांनी चालान, म्हणजे आरोपपत्र, दाखल केलं. आतापर्यंत आमच्या हातात फारसं काही नव्हतं. आता केसचे सगळे कागद मिळाले. एकशे बेचाळीस पानं. मॅडमनी मला जप्तीचे कागद वाचायला दिले.

जप्ती पत्रक हिंदीत आहे. आरोपी जयवंताने स्वतः दाखवल्यावरून तिच्या गोठ्यातल्या कुटाराखालून विळा काढला, दोन पंचांसमोर. नव्या कायद्यानं याचा व्हिडिओ काढावा लागतो. त्या जागी लिहिलं आहे की मोबाइलची बॅटरी संपली. तारीख १४ ऑक्टोबर. वेळ सायंकाळी ४ वाजून १० मिनिटे.

पहिला पंच चौकीसमोरचा पानवाला.

दुसरा पंच, प्रफुल्ल आत्मज भगवंतराव, निवासी सौंसर.

मी मॅडमना म्हणाले डोकं दुखतंय, आणि निघून आले. बसमध्ये स्वतःला समजावत होते की एका नावाचे दोन असू शकतात. वडिलांचं नावही एक असू शकतं. पण सही मी ओळखते. पाटीवर अक्षर गिरवायला मला दादानंच शिकवलं. त्याच्या 'फ' ची शेपटी खालच्या ओळीत जाते.

११ जानेवारी

पहाटे ट्रंकेतून दवाखान्याची फाइल काढली. गाठीचा तुकडा काढायच्या आधी नातेवाईकाची संमती घेतात, तो कागद. त्याची एक प्रत त्यांनी आम्हाला दिली होती.

१४ ऑक्टोबर. वेळ ३.४०. रुग्णाशी नाते, भाऊ. खाली प्रफुल्ल, आणि तीच शेपटी.

नागपूरहून खैरवाडीला यायला दोन तास लागतात. मला भूल उतरायलाच सहा वाजले होते, आणि डोळे उघडले तेव्हा तो पलंगाशी होता.

मग ही वही वाचली. ३ डिसेंबरला मी लिहिलं आहे की दामिनीचं नाव तिघांना माहीत होतं. एक पान मागं, २६ नोव्हेंबरला, मीच लिहिलं आहे की दादानं दुकान कोणत्या अंगाला ते विचारलं. गजेंद्रचं नाव तर मी मॅडमलाही सांगितलं नव्हतं.

माझ्या हातानं लिहिलेलं मला दिसलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

वहिनी माहेरी गेल्या होत्या. दादा अंगणात मोटरसायकल पुसत होता. दोन्ही कागद त्याच्यासमोर धरले. त्यानं फडकं खाली ठेवलं आणि वाचायचं नाटकही केलं नाही.

म्हणाला, "पंधरा वर्षं सह्या करून राहिलो, नले. कोऱ्या कागदावर करतो. ते नंतर भरतात."

त्याची झेरॉक्स-टायपिंगची टपरी चौकीच्या भिंतीला लागून आहे. ती जागा त्याची नाही, चौकीची आहे. हे मला नेहमीच माहीत होतं, पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. कागदाचा गठ्ठा येतो, हा सही करतो, पंधरा वर्षांत त्याला कोर्टात फारदा बोलावलं नाही, आणि बोलावलं तेव्हा मुन्शीनं पढवलं तसं सांगून आला. विळ्याच्या कागदावर त्यानं १६ तारखेला सही केली. आत काय लिहिलं आहे ते पाहिलं नव्हतं, म्हणाला.

मी विचारलं, आणि दामिनी? गजेंद्र?

तो सावकाश म्हणाला की चौकीतले विचारायचे, बहीण काय करून राहिली तुमची. मी सांगायचो. बोलता बोलता निघून जायचं तोंडातून.

"वीरेंद्रवर मी आळ घेतला तेव्हा तू समोर बसून जेवत होतास."

त्यानं फडकं उचलून परत पुसायला सुरुवात केली. मी जिन्याकडे वळले तेव्हा मागून म्हणाला, "हा दवाखान्याचा कागद बाहेर गेला तर मी जेलात जाईन. तुह्यासाठी गेलो होतो तिथं. तुह्यासाठी सही केली."

२० जानेवारी

आज कोर्टात पेशी होती. जयवंताला आणलं होतं. मी कलाबाईला घेऊन गेले, बाकावर तिच्याशेजारी बसले. बुढीनं भाकर आणि ठेचा बांधून आणला होता, पण आत देऊ दिला नाही, म्हणून मला दिला. मी खाल्ला. कागद माझ्या पर्समध्ये होता.

२९ जानेवारी

जमानत नाकारली. विळा तिच्या घरातून निघाला हे कारण.

कागद अजून माझ्याकडे आहे. मॅडमला द्यायचा ठरवून दोनदा बसमध्ये बसले. दोन्ही वेळा दिला नाही. दादा आता माझ्याशी पहिल्यासारखा बोलतो. रोज संध्याकाळी समोसे, जिलेबी, काही ना काही आणतो. त्याच्या मनात काय आहे ते मला कळतं. मी समोसे खाते.

४ फेब्रुवारी

दिला.

कारण काही मोठं झालं नाही. सकाळी दादा जिन्यात भेटला आणि त्यानं सहज विचारलं, त्या बाईचं आता काय होईल गं. काळजीनंच विचारलं असेल. पण मला जाणवलं की उत्तर देताना मी शब्द निवडते आहे, आणि या घरात जितके दिवस राहीन तितके दिवस हेच करावं लागेल. त्याच बसनं पांढुर्ण्याला गेले.

मॅडमनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि नंतर चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी विचारलं कधीपासून माहीत होतं. खरं सांगितलं. त्यांनी चष्मा परत लावला. मग कामाचं सांगितलं. आता मी साक्षीदार आहे, या केसच्या एकाही कागदाला मला हात लावता येणार नाही, आणि ऑफिसात राहणंही बरं दिसणार नाही. मी राजीनामा तिथंच लिहिला.

संध्याकाळी वीरेंद्रच्या घरी गेले. त्याची आई दारात आली, मला ओळखून आत निघून गेली. तो बाहेर ओट्यावर बसला. मी माफी मागितली. तो म्हणाला, "ताई, मुन्शी माहा मामेभाऊ आहे. चहा पीत होतो, हे खरं. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

माझी चूक एवढीच होती का, की मी विचारलं नाही? नाही. दादावर संशय घ्यायचा नव्हता म्हणून मला कोणीतरी पाहिजे होतं.

१६ फेब्रुवारी

पांढुर्ण्यात स्टेशनच्या मागं एक खोली घेतली. सामान न्यायला गेले तेव्हा दादा घरी नव्हता. वहिनींनी दारात सांगितलं की त्यांना स्वतःला सगळं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. म्हणून म्हणत होत्या, घरात या गोष्टी नको.

८ जुलै २०२५, मंगळवार

दादाची साक्ष झाली. मला आत बसता येत नाही, माझी साक्ष व्हायची आहे. सौंसर कोर्टाच्या व्हरांड्यात चार तास बसले. तो समोरून गेला. नवा पांढरा शर्ट होता. माझ्याकडे पाहिलं नाही.

मॅडमनी वीरेंद्रला केसवर परत घेतलं आहे. तो बाहेर येऊन माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला की ऐकायचं असेल तर सांगतो, नाहीतर नाही. मी म्हणाले सांग.

दादानं जप्ती आपल्यासमोर झाली म्हणून सांगितलं. मॅडमनी दवाखान्याचा कागद दाखवला. त्यानं तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला, असं वीरेंद्र म्हणाला. मग सांगितलं की ही सही माझी नाही. त्या दिवशी मी नागपूरला गेलोच नाही. बहीण एकटी गेली असेल. आजारपणापासून तिचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

मला वाटलं होतं तो खोटं बोलेल. विळ्याबद्दल बोलेल, चौकीबद्दल बोलेल. पण आयुष्यात माझ्याजवळ कोणी बसलं असा एक दिवस होता, तोच त्यानं झालाच नाही म्हणून सांगितला.

१९ सप्टेंबर

माझी साक्ष. सरकारी वकिलानं पाऊण तास उलटतपासणी घेतली. नवऱ्याला का सोडलं, भावाच्या घरातून का निघाल्या, डोक्याचं औषध चालू आहे का. सगळ्याची उत्तरं दिली. दवाखान्याचा रेकॉर्डवाला मूळ कागद आणि रजिस्टर घेऊन आला होता. रजिस्टरात दादाचा मोबाइल नंबर त्याच्याच अक्षरात आहे.

माझ्यानंतर गजेंद्र उभा राहिला. त्याला मी आणलं नव्हतं, स्वतःहून आला. दामिनी आली नाही. तिला दोष देत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

जयवंता सुटली. जप्ती विश्वासार्ह नाही, दुसऱ्या पंचानं शपथेवर खोटं सांगितलं, आणि गजेंद्रच्या साक्षीनं ती त्या संध्याकाळी जामसांवलीहून येत होती हे दिसतं, असं न्यायाधीशांनी म्हटलं. दिलीपसेठला कोणी मारलं ते कोणालाच माहीत नाही, आणि आता कोणी शोधतही नाही. दादावर खटला होईल का, मॅडमना विचारलं नाही. त्याची टपरी चौकीच्या भिंतीशी तशीच आहे. आज बसमधून दिसली.

सुटकेचा कागद घेऊन वीरेंद्र छिंदवाड्याला गेला. मी आणि कलाबाई त्याच्याबरोबर. जेलच्या फाटकातून जयवंता बाहेर आली. अंगावर अटकेच्या दिवशीचंच लुगडं. बुढीच्या पाया पडली. बुढी तिचे हात, दंड, पाठ चाचपून पाहत राहिली, बाजारात जनावर पाहावं तशी.

स्टँडवर कलाबाई पाणी प्यायला गेली तेव्हा मी जयवंताला सांगितलं. दुसरा पंच माझा भाऊ आहे हे तिला कळलं होतं. पण तो कागद अकरा जानेवारीला माझ्या हातात होता आणि मी चार फेब्रुवारीला दिला, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. पण मी सांगितलं.

तिनं समोरच्या बसची पाटी वाचली. मग विचारलं, "वीस तारखेच्या पेशीले बुढीसंग बसल्या होत्या तुम्ही. तवा होता का तो तुमच्याजवळ?"

मी हो म्हणाले.

तिनं पिशवी उचलली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, निदान मला ओळखू येईल असा नव्हता. कलाबाई पाणी पिऊन आली. कागद इतके दिवस माझ्याकडे होता हे तिला माहीत नाही. तिनं माझ्या गालावरून दोन्ही हात फिरवले, कानशिलाशी बोटं मोडली, आणि म्हणाली की माह्या पोटची असती तरी एवढं केलं नसतं, सख्ख्या भावाले सोडलं तू आमच्यासाठी.

जयवंता तिच्या मागं पिशवी घेऊन उभी होती. माझ्याकडे बघत होती. तिनं बुढीला काही सांगितलं नाही. "चाल, गाडी सुटते," म्हणाली आणि तिला हाताला धरून वर चढवलं.